गनिमी काव्याला पोट आडवं

व्हिएतनामला निघण्यापूर्वी मी युद्धाचा भरपूर अभ्यास केला होता, म्हणजे व्हॉट्सअॅप वाचलं होतं. 'महाराजांचा गनिमी कावा गिरवून व्हिएतनामने अमेरिकेला लोळवलं' हा निरोप मी स्वतः चाळीसेक जणांना पुढे ढकलला आहे. त्यामुळे हो ची मिन्ह शहरातून कू चीच्या बसमध्ये चढलो तोच गुरुघरच्या ऐटीत. गाईडला सगळं सांगितलं. त्याने अदबीने विचारलं, "ते कोणत्या तुकडीत होते?" सौ. खिडकीबाहेर बघू लागली.

कू चीचे बोगदे मात्र अफाट. फ्रेंचांविरुद्ध 1940च्या दशकात खोदायला घेतलेले, पुढे अमेरिकेशी जुंपल्यावर हे जाळं अडीचशे किलोमीटरच्या घरात गेलं. काही ठिकाणी तीन मजले, तेही खाली खाली. चुलीचा धूर लांबवर फिरवून विरळ करून सोडायचे, हवेची भोकं वारुळासारखी सजवायचे. आत शिरायला अमेरिकनांनी अंगाने लहान सैनिक निवडले, हातात पिस्तूल आणि बॅटरी देऊन. त्यांना म्हणायचेच 'बोगद्यातले उंदीर'.

उंदरांना जमलं ते गणपतीलाही जमेल, असं मला वाटलं.

सौ. सरसर रांगत पुढे गेली. मी दुसऱ्या वळणावर थांबलो. थांबलो म्हणजे बसलो, घट्ट, बाटलीत बूच बसावं तसा. पुढे पोट, मागे कमरेचा पाऊच, त्यात पासपोर्ट. मागून एक ऑस्ट्रेलियन कुटुंब येत होतं, ते माझ्या तळव्यांशी बोलू लागलं. तेवढ्यात वरून गोळीबार! युद्ध 30 एप्रिल 1975ला संपल्याचं मला पाठ होतं, पण त्या क्षणी तारखेवर विश्वास बसेना. (वर पर्यटकांना पैसे घेऊन खऱ्या बंदुका उडवायला देतात, हे नंतर कळलं. अशा जागी हा खेळ कुणाला सुचला असेल?)

शेवटी पुढून सौ.ने हात ओढले आणि मागून ऑस्ट्रेलियाने ढकललं. बाहेर आल्यावर गाईड माझी माती झटकत म्हणाला, "हा बोगदा पर्यटकांसाठी मोठा केलाय. मूळचा याहून अरुंद होता."

मग बाकावर उकडलेला कंद आणि शेंगदाण्याचं खारं कूट आलं. अरे, हा तर साबुदाण्याचा कंद! मी दोन ताटल्या उपवासाच्या भक्तिभावाने संपवल्या. "लढवय्ये यावरच दिवस काढायचे," गाईड म्हणाला. मग जरा घुटमळून विचारलं, "तुमचे ते राजे अंगाने कसे होते?"

"सडसडीत," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग खरं असेल."

तिसरी ताटली मी परत ठेवली.