जिताड्याची पिल्लं आणि मामंजींचा चेहरा

अहो, ऐकलंत का? तळ्याकडच्या मामंजींनी हॅचरीतून जिताड्याची पिल्लं मागवली होती ना... गेली! निम्म्याहून जास्त गेली. विमानानं आणलेली, अन् पैसे अक्षरशः पाण्यात.

झालं काय, टेम्पो आला भर दुपारी. सून म्हणाली, "मामा, पिशव्या आधी तशाच तळ्यात तरंगू देत, ऊन उतरलं की थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेऊ." ती रत्नागिरीच्या, शिरगावच्या फिशरीज कॉलेजची. पण मामंजी कसले ऐकतायत! जावईबापू मोबाईल धरून व्हिडिओ काढत उभे. कापल्या पिशव्या, दिली ओतून. संध्याकाळी काठाला नुसती पांढरी पोटं. मामंजींचं तोंड म्हणजे सुकत घातलेला बोंबील. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली." अन् बघत कुणाकडे होत्या? माझ्याकडे! मी तर बाई कुंपणाच्या अलीकडेच होते.

तर काय सांगत होते... हो, सून. तिनं ते दुर्बिणीसारखं रिफ्रॅक्टोमीटर आणलं, पाण्याचा एक थेंब काचेवर टाकला, उजेडाकडे धरलं. उरलेल्या पिशवीतलं पाणी 28 पीपीटी, म्हणजे लिटरमागे 28 ग्रॅम मीठ, जवळजवळ समुद्रच. अन् आपलं तळं पावसानं उतरून 3! त्यात पिशवी थंडगार, तळं 33 अंशांवर. जरा बघा, बोटाच्या पेराएवढा जीव तो.

मग मामंजींनी काढलाच हुकमाचा एक्का. "आमचा बाप पावसाळ्यात उघाडीशी, बांधाच्या दाराशी, जाळं लावून पिल्लं धरायचा अन् तशीच तळ्यात सोडायचा. त्यानं कुठे मीटर लावला होता?" सगळे गप्प. जावईबापूंनी मान पण डोलावली. सून हसली हो, गालातल्या गालात. म्हणाली, "मामा, ती पिल्लं खाडीतून वर येता येता गोडसर पाण्याला सरावलेली असायची. ही हॅचरीतली. अंडं फुटल्यापासून खाऱ्याखेरीज काही बघितलेलंच नाही."

खरंच आहे ना ते. जिताडा मोठा झाला की गोड्या पाण्यात मजेत राहील, पण विणीला त्याला खाडीचं मुखच लागतं. अंड्यांना अन् कोवळ्या पिल्लांना पाणी हवं 28 ते 32 पीपीटीचं, ऊब 28-30 अंशांची. अशा पाण्यात अंडं अठरा तासांच्या आतबाहेर फुटतं. चेन्नईच्या सीबाला, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेला, ही वीण हॅचरीत 1997 साली जमली, तोवर आपल्याकडे सगळी भिस्त खाडीवर.

अन् कल्ल्यांचं सांगितलंन ते तर मला फार पटलं. माशाच्या रक्तात मीठ समुद्रापेक्षा कमी, गोड्या पाण्यापेक्षा जास्त. म्हणून खाऱ्यात कल्ले मीठ बाहेर टाकत बसतात, गोड्यात तेच आत ओढायचं. हे उलटं काम एका दुपारीत कसं जमावं? वर गरम पाणी. त्यात पिल्लाला धाप जास्त, अन् प्राणवायू मुळात कमी. थंडीत आणखी वेगळं, भूकच मरते. खाद्य टाकत राहिलं की तळाशी कुजतं, पाणी नासतं...

आणि वाचलेल्यांचं ऐका! मोठं पिल्लू धाकट्या भावाला सरळ गिळतं म्हणे. म्हणून सारखी चाळून लहानमोठी वेगळी करायची. अन् हे बहुतेक आधी नर असतात, काही वर्षांनी त्यांच्यातल्याच पुष्कळांच्या माद्या होतात. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, जावईबापूंनी फोन खिशात घातला.

आता दुसरी खेप आली परवा. सुनेनं हॅचरीला आधीच बजावलं होतं, खारटपणा चार-सहा दिवसांत उतरवूनच पाठवा. सूर्य कलल्यावर पिशव्या सोडल्या, पिल्लं आधी हाप्यात, म्हणजे तळ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवलीत. मामंजी या वेळी मीटर डोळ्याला लावून उभे. अन् नाक्यावर चहाला बसले की सांगतात काय, "पीपीटी बघितल्याशिवाय पिल्लं सोडू नका रे." जसं काही शिरगावला हेच शिकायला गेले होते!