सावलीचा सारा

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ स्वतःच्या मोटारीकडे ज्या वत्सल दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीने तो स्वतःच्या अपत्यांकडेही पाहत नाही. कारण अपत्य मळले तरी पुढेमागे आपण होऊन स्नान करू लागेल अशी आशा असते, मोटारीच्या बाबतीत तशी कोणतीच तरतूद नाही. आमचे दाजी, म्हणजे वडील भगिनींचे यजमान, याच कोटीतले. त्यांची गडद निळी फियाट वयाने बरीच वडीलधारी होती, परंतु तिच्यावर नुकताच ड्यूको मारून घेतलेला असल्यामुळे, माघ महिन्यात गुहागरकडे जाण्याचा बेत ठरला तेव्हा प्रवासाचा हेतू आम्हांला व्याडेश्वराचे दर्शन व्हावे हा आहे, की कोकणवासीयांना त्या रंगाचे दर्शन व्हावे हा आहे, याविषयी घरात उघड मतभेद होता.

सातारा, उंब्रज, पाटण असे करीत आम्ही कोयनानगरला चहा घेतला आणि कुंभार्ली घाट उतरू लागलो. घाटातील वनश्रीविषयी मी काही लिहावे अशी वाचकांची रास्त अपेक्षा असेल. परंतु प्रत्येक वळणावर समोरून येणारी एस.टी. आपल्या गाडीचा किती रंग घेऊन जाईल, या विवंचनेत दाजींनी आम्हां सर्वांना आपापल्या बाजूच्या खिडकीवर पहारेकरी नेमले होते, त्यामुळे मला त्या घाटाची फक्त डावी बाजू ठाऊक आहे. चिपळूण मागे पडले, जांभ्याची तांबडी धूळ निळ्या रंगावर बसू लागली आणि दाजींच्या मुद्रेवर चिंतेची छाया पसरली.

आमचे यजमान गुहागरच्या अलीकडे एका वाडीत राहत. कोकणी माणूस अतिथीला उन्हात उभा करीत नाही आणि अतिथीचे वाहन हे अतिथीचेच अंग समजतो. दाजींनी गाडी अंगणाच्या मोकळ्या भागात लावताच यजमान ओसरीवरून कडाडले, "अहो, उन्हात कशाला जाळता तिला? रंग विटेल! घ्या आत, आंब्याखाली घ्या." रंगाचा उल्लेख झाल्यावर दाजींचा निरुपाय झाला. आंब्याची सावली मोहोराने घमघमत होती, पण तिच्यात शिरण्याच्या वाटेवर शेजारच्या फणसाची एक फांदी आडवी आली होती. यजमानांनी गड्याला हाक मारली, गड्याने कोयता काढला आणि ती फांदी बुंध्याशी तोडून टाकून गाडीला राजमार्ग करून दिला. एवढेच नव्हे, तर गाडी बरोबर त्या ताज्या छाटाखाली टप ठेवून विसावली. आतिथ्य याहून पुढे जाऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा जो स्वर ऐकू आला, तो अफरातफर उघडकीस आल्यावर खजिन्यातून येतो त्या जातीचा होता. टपावर पांढऱ्या चिकाचे ओघळ वाळून पिवळट पडले होते, बॉनेटवर बारीक, चकचकीत, चिकट थेंबांची नक्षी उठली होती आणि तिच्यावर रात्रभरात मोहोराची गळ व तांबडी धूळ यथासांग चिकटली होती. शोक आवरून दाजींनी खिशातून वही काढली. त्या पंचनाम्याचा आरंभ मी स्वतः वाचलेला आहे : 'मौजे मजकूर येथील अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर व बॉनेटवर अज्ञात इसमाने अगर वृक्षाने…' एकंदर प्रकार पाहून ते खिन्नपणे म्हणाले, "सावली वहिवाटली, सारा भरलाच पाहिजे."

पंच म्हणून बोलावलेली मंडळी मात्र केवळ सही करून जाणारी नव्हती. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याची मोटारीविषयीची मते फार स्वच्छ असतात. एकाने नारळाच्या काथ्याने व राखेने घासण्याची शिफारस केली. या उपायाने त्यांच्या घरची पितळी भांडी लखलखीत होतात, असा दाखलाही दिला. दुसऱ्याने चाकूची पाठ सुचवली. तिसरा एक उत्साही तरुण थिनरची बाटली घेऊन धावतच आला आणि त्याला अडवण्यासाठी मला वाटेत आडवे व्हावे लागले; कारण १९२३ साली अमेरिकेत ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींवर चढला तेव्हापासून तो थिनरमध्येच विरघळवून फवारतात, आणि वाळलेल्या रंगावर पुन्हा थिनर ओतला तर चीक कोणता आणि रंग कोणता, असा पंक्तिभेद थिनर करीत नाही.

या गदारोळात शाळेवर निघालेले मास्तर थांबले. त्यांनी बॉनेटवरच्या एका थेंबाला बोट लावले, आणि सर्वांच्या देखत ते बोट चाटले! "गोड आहे," ते म्हणाले. "हा आंब्याचा चीक नव्हेच. हा खार." मोहोरावर तुडतुडे बसतात, त्यातला रस शोषतात आणि उरलेली साखर मागील बाजूने थेंबाथेंबाने खाली सोडतात, पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी चढते, असे त्यांनी विशद केले. आंब्याचा खरा चीक असता तर तो चाटण्याचे धाडस आपण केले नसते, कारण आंबा, काजू आणि बिबा हे एकाच आम्रकुलातले सगोत्र असून, बिब्याच्या रसाने परटाने घातलेली खूण कपडा फाटला तरी जात नाही, हेही त्यांनी ऐकवले. फणस मात्र वडाच्या कुळातला. त्याचा चीक तापवून पूर्वी फुटकी भांडी सांधीत आणि होड्यांच्या फटी बुजवीत. ही शेवटची माहिती ऐकून यजमान दाजींना म्हणाले, "म्हणजे पावसाळ्यात टप गळायची चिंता मिटली तुमची." दाजी हसले नाहीत. त्यांनी वहीत आंब्याचे नाव खोडले आणि त्याजागी 'तुडतुडे (फरारी)' असे लिहिले.

अखेर निकाल दिला तो यजमानांच्या मातोश्रींनी, ज्या इतका वेळ माजघराच्या दारातून ही कचेरी पाहत होत्या. "फणसाचा चीक पाण्याला का भीक घालतो?" त्या म्हणाल्या. "विळीला आणि हाताला खोबरेल लावल्याशिवाय फणस कापलाय का कुणी? गाडीलाही तेच लावा." रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात काढण्यासारखी खोट नव्हती : चिकातील राळ पाण्यात विरघळत नाही, तेलाने मात्र ती मऊ पडून आपली पकड सोडते.

मग सर्व काही क्रमाने झाले. प्रथम विहिरीचे पाणी भरपूर ओतून धूळ वाहू दिली, कारण जांभ्याची कणी फडक्याखाली सापडली तर चिकापेक्षा तीच रंगाचे अधिक वाटोळे करते. कोमट साबणाच्या पाण्याने तुडतुड्यांचा खार विनातक्रार उतरला. चिकाच्या ओघळांवर जुन्या धोतराचे फडके खोबरेलात भिजवून काही वेळ नुसते ठेवले. कडा सुटू लागल्यावर हलक्या हाताने, न रगडता, पुसून घेतले आणि जिथे हट्टी डाग उरले तिथे पुन्हा तेच केले. शेवटच्या दोन-चार ठिपक्यांसाठी वाडीतल्या सुताराने टर्पेंटाइनचा बोळा दिला, तो दाजींनी आधी दाराच्या आतल्या कडेवर लावून रंग उतरत नाही अशी खातरजमा करून घेतली. तेल साबणाने काढून, कोरडे करून, वर मेण चढवले. दोन दिवस उन्हात तापला असता तर हाच चीक रंगात मुरून बसला असता.

परतीच्या दिवसापर्यंत गाडीला अंगभर खोबऱ्याचा वास येत होता आणि वाडीतील मांजरे तिच्याभोवती आशेने फिरत होती.

तेव्हा वाचकहो, माघ-फाल्गुनात कोकणात मोटार नेलीत, तर यजमानांचा आग्रह मोडून ती भर उन्हात उभी करावी, आणि सावली हवीच असेल तर डिकीत खोबरेलाची बाटली ठेवावी. माडाखाली मात्र गाडी कधीही लावू नये. तेथे चिकाचे भय नाही, पण नारळ पडतो.