सात आठे किती?

मूल मोबाइलवर काय बघतं यावर पालकांनी लक्ष ठेवावं, अशी सूचना शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी मोबाइलवर एक माणूस तुंबलेलं गटार मोकळं करतोय असा व्हिडिओ बघत होतो. 22 मिनिटांचा होता, 17 झाली होती. सूचना मी पाणी उतरल्यावर वाचली.

सूचनेत आठ मुद्दे होते, ‘पाल्य’ हा शब्द प्रत्येक मुद्द्यात होता आणि शेवटी जोडलेले हात. माझा पाल्य तिसरीत आहे. तो त्या वेळी भिंत आणि सोफा यांच्यामध्ये जी दीड वीत जागा उरते, तिथे बायकोचा मोबाइल घेऊन बसला होता. आमच्या वन बीएचकेत त्या जागेला ‘त्याची खोली’ म्हणतात.

पाळत ठेवणं आमच्या घराण्याला नवीन नाही. माझ्या लहानपणी टीव्हीला लाकडी शटर होतं, शटरला कुलूप होतं आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की किल्ली आईच्या कमरेला जायची. तरीही ती बाजारातून आली की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायची, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. कुलूप हेअरपिनने उघडतं हे तिला ठाऊक होतं, कारण हेअरपिन तिचीच असायची. टीव्हीची पाठ गरम लागली की पाच मिनिटांत माझीही व्हायची. आणि रविवारच्या सिनेमात नायक-नायिका झाडाच्या दिशेने निघाले रे निघाले की आजोबा खाकरत. ‘पेरेंटल कंट्रोल’ या नावाखाली पुढे जे जे निघालं, त्यात त्या खाकरण्याच्या तोडीचं अजून काही निघालेलं नाही. त्याला पासवर्ड नव्हता, ते अपडेट करावं लागत नसे आणि खुद्द वडीलसुद्धा ते चुकवू शकत नसत. अर्थात तेव्हा घरात पडदा एक होता आणि त्याच्यासमोर डोकी सात. आता डोकी चार आणि पडदे पाच आहेत. खाकरायचं कोणाकोणाकडे तोंड करून?

तर सूचनेच्या तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे मी यूट्यूब किड्स नावाचं ॲप घेतलं. भारतात ते 2016 सालीच आलं होतं. आमच्याकडे पोचेपर्यंत चिरंजिवांचे दुधाचे दात पडायला लागले. ॲप गोजिरवाणं आहे. त्याच्या कोपऱ्यात एक कुलूप असतं. ते दाबलं की समोरचा माणूस मोठा आहे की लहान याची परीक्षा होते, आणि ही परीक्षा असते गुणाकाराची. उत्तर बरोबर आलं तर तुम्ही पालक, चुकलात तर बाळ.

मला विचारलं, 7 × 8?

मी बी.कॉम. आहे. लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरून पोट भरतो. कॅल्क्युलेटर उघडण्यासाठी ॲपमधून बाहेर पडलो आणि परत आलो, तर प्रश्न बदललेला. 9 × 6. सोफ्यामागून शांतपणे आवाज आला, ‘‘फिफ्टी फोर.’’ देवघरातून आई म्हणाली, ‘‘नऊ सक चोपन्न! एवढंही येत नाही तुला?’’ आईला पावकी, निमकी, दिडकी सगळं येतं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’शेजारी ‘साठ तीन’ आलं म्हणून 2019 साली महाराष्ट्रात रणकंदन झालं होतं, त्यात आमच्या घरची आघाडी तिनेच सांभाळली होती. आता कंपनीच्या निकषाप्रमाणे घरात सज्ञान माणसं दोन. एक 74 वर्षांची, दुसरं 8 वर्षांचं. सातबाऱ्यावर लिहितात त्या अर्थाने मी अज्ञान, आणि अ.पा.क. म्हणून आईचं नाव.

गुणाकाराच्या जागी आपला चार आकडी पासकोडही ठेवता येतो. ठेवला. पुढच्या रविवारी तो मला आठवेना. चिरंजिवांनी सांगितला.

शेवटी ॲपबिप सोडून मोठ्या यूट्यूबची हिस्टरीच तपासायची ठरवली. टीव्हीवर, माझ्या मोबाइलवर, बायकोच्या आणि आईच्या मोबाइलवर, सगळीकडे खातं एकच आहे, माझं. एका रात्री 11 वाजता चष्मा लावून, वहीपेन घेऊन बसलो. पोलिस आरोपीचे कॉल डिटेल्स काढतात, त्या उत्साहात. हिरवा स्लाइम. शार्क आणि मगर यांची लढाई झाली तर कोण जिंकेल. पुठ्ठ्यापासून कॅरम. एवढं मुलाचं म्हणून वेगळं काढता आलं. बाकी यादी अशी: गुडघेदुखी सात दिवसांत पळवा. मोदकाच्या पाकळ्या न फाटण्यासाठी एकच युक्ती. शेअर बाजार कोसळणार (वेगवेगळ्या गृहस्थांनी, 14 वेळा). शेअर बाजार वर जाणार (त्यांतल्याच दोघांनी). वृत्तवाहिनीच्या चर्चेत दोन प्रवक्त्यांनी एकमेकांचे बाप काढले तो तुकडा, तीनदा, आणि वेळ बघितली तर आमच्या जेवणाची. आणि गटारं. एका आठवड्यात 31 गटारं! यांतली निम्मी माझी असतील असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, ‘‘पूर्ण मोज.’’

त्यातून एक गोष्ट उमगली. कंपनीच्या हिशेबी या खात्यावर एकच इसम राहतो. त्याचं वय 8 ते 74 यांच्या दरम्यान आहे, त्याचे गुडघे दुखतात, त्याला मोदक येत नाहीत, बाजाराची धास्ती आहे आणि त्याचा जीव स्लाइममध्ये आणि सांडपाण्यात रमतो. त्या इसमाला आवडेल ते कंपनी इमानेइतबारे वाढत असते, सगळ्यांच्या ताटात सारखंच. परवा चिरंजिवांनी विचारलं, ‘‘बाबा, जेटिंग मशीन म्हणजे काय?’’ मुलाच्या तोंडी हा शब्द कुठून आला, याचा शोध घ्यायला मी निघालो होतो. फार लांब जावं लागलं नाही.

सरकार झोपलेलं नाही, हेही सांगायला हवं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला. त्याप्रमाणे 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची पडताळलेली संमती घ्यायची, आणि मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिरात दाखवायची नाही. म्हणजे पाळतीचं खातं रीतसर कंपनीकडून काढून आमच्याकडे आलं. आता संमती कशी घेतील? आपल्या देशाची रीत बघता ओटीपीवर. ओटीपी येईल माझ्या मोबाइलवर, आणि माझा मोबाइल संध्याकाळी असतो सोफ्यामागे. अमेरिकेत पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून याच कंपनीने 2019 साली 17 कोटी डॉलर मोजून तडजोड केली. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना खातंच ठेवायला बंदी केली, त्यात यूट्यूबही आलं. पण यूट्यूब खात्याशिवायही बघता येतं. तेव्हा खातं गेलं आणि त्या खात्याला आईबापांनी लावलेलं कुलूपही त्याच्याबरोबर गेलं. दार काढून नेल्यावर चोराची भीती कसली!

आणि मोबाइल पहिल्यांदा त्याच्या हातात दिला कोणी, हा प्रश्न शाळेच्या आठ मुद्द्यांत नव्हता म्हणून मीही काढणार नव्हतो. पण सांगतो. तो दीड वर्षाचा होता. काऊचा घास चालेना, चिऊचा चालेना. मग मी शार्कचा घास दिला. ‘बेबी शार्क’ लावलं, आणि वाटीभर वरणभात विनातक्रार पोटात गेला. त्या गाण्याने जानेवारी 2022 मध्ये 1000 कोटी व्ह्यूज ओलांडले, असा टप्पा गाठणारा तो पहिलाच व्हिडिओ. त्यातले हजारभर आमच्या वरणभाताचे धरा. तेव्हा तो काय बघतो याची चौकशी कोणी केली नाही. घास गिळतो की नाही एवढंच बघायचो, आणि दुसऱ्या हाताने आपापलं.

या सगळ्या खटाटोपात शहाणपणाची म्हणून एकच गोष्ट माझ्या वाचनात आली, आणि ती कॅलिफोर्नियातली नाही, सांगली जिल्ह्यातली आहे. मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या ऑनलाइन शाळेने पोरांच्या हाताला मोबाइल चिकटला, तेव्हा 2022 साली या गावाने ठरवलं की संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजणार. भोंगा वाजला की गावातले टीव्ही, मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग काय ते बघा. त्यात पासकोड नाही, गुणाकार नाही. गंमत अशी की भोंग्याला वय कळत नाही. तो पोरांना वाजतो तसाच बापालाही वाजतो.

मी भारावून डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घातला. चर्चा दणक्यात झाली. सेक्रेटरी म्हणाले, मुलांवर लक्ष हवंच, पण त्यासाठी जिन्यात आणखी दोन कॅमेरे बसवू. सोफ्यामागे जिना नाही, हे मी निदर्शनास आणून दिलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, भोंगा जरूर वाजवा, फक्त मॅच असेल त्या दिवशी नको. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मालिका साडेसातची की सातची याचा खुलासा मागितला. एका तरुण सभासदाचं म्हणणं पडलं की हा भोंगा फक्त मुलांना ऐकू जाईल अशा फ्रीक्वेन्सीचा मिळतो का ते बघावं. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून शोधायला घेतलं आणि ते सभा संपेपर्यंत वर बघितले नाहीत. माझ्या बायकोने हात वर करून विचारलं, ‘‘भोंगा वाजल्यावर गटारं बंद होणार का?’’ खजिनदारांना वाटलं, ती पावसाळ्यातल्या ड्रेनेजबद्दल बोलतेय. त्यांनी कंत्राटदाराला पुन्हा पत्र पाठवण्याचं आश्वासन दिलं.

मग सेक्रेटरींनी ठराव वाचला: ‘रोज सायंकाळी 7 ते 8.30 या वेळेत सोसायटीतील लहान-मोठ्या सर्व सभासदांचे मोबाइल व टीव्ही बंद राहतील.’ सूचक म्हणून माझं नाव लिहिलं. अनुमोदक कोण, म्हणून तीनदा विचारलं. कोणी मिळालं नाही, आणि विषय पुढच्या वर्षीच्या सभेवर गेला.