शुभेच्छुक आणि कंपनी

बोस्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच चालवलेली जनसंपर्क संस्था १९७८ पासून सुरू आहे. पोरं शिकता शिकता खऱ्या गिऱ्हाइकांची कामं घेतात. हे वाचल्यापासून मला वाटतंय, आपल्या वाशिमच्या पोरांनी अशी फर्म काढायला काय हरकत आहे? भांडवल म्हणाल तर दोन मोबाइल, मित्राची मोटारसायकल आणि पाटणी चौकात चहाची उधारी.

अनुभवाची तर ददातच नाही. गणपतीच्या वर्गणीला कोणत्या दुकानात मालक असताना जायचं आणि कोणत्या दुकानात मालकाचे वडील बसलेले असताना, हे इथल्या पोरांना दहावीच्या आधीच कळतं. पुढे राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर. पहिल्या दिवशी गाव लांबून बघतं, आणि शिबिर उठायच्या आत कुणाच्या तरी घरून भाकरी-ठेचा येतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकात या भाकरीवर मोठं प्रकरण असतं, फक्त त्यात ठेचा नसतो.

शिवाय इथल्या कॉलेजांच्या विद्यापीठाला नावच संत गाडगेबाबांचं. बाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत. हा कोण चिंध्या पांघरलेला माणूस आपला रस्ता झाडतोय, म्हणून दिवसभर चर्चा आणि रात्री कीर्तनाला गर्दी. कीर्तनातही बाबा प्रश्न टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. ना पत्रक, ना फलक. फर्मने हा अभ्यासक्रम जरूर लावावा. मात्र पहिला तास झाडण्याचा आहे हे कळल्यावर हजेरी किती लागेल, ते सांगवत नाही.

पहिलं गिऱ्हाईक खुद्द जिल्ह्यालाच करावं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला, तरी मुंबईत ‘वाशिमचा’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘वाशी? मग हार्बर लाइनला बरं पडत असेल.’ सांगण्यासारखं काही नाही असंही नाही. हे वाकाटकांचं वत्सगुल्म, त्यांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते इथेच, वत्सगुल्मात. साक्षात काव्याने लग्नासाठी निवडलेलं गाव! एवढी आयती जाहिरात एखाद्या मंगल कार्यालयाने उचलायला नको का?

पण जिल्हा काही बिल देणार नाही. देणारी गिऱ्हाइकं म्हणजे शिकवणी वर्ग, मेस, कृषी केंद्र. त्यांच्याकडून काम मिळेल, पैशाचा विषय काढला की मात्र ‘देऊ ना बाप्पा, आम्ही काय पळून चाललो का?’ रोखीचा धंदा एकच, भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पोरं रात्र जागून मजकूर नेटका करतील, फोटो मोजकेच ठेवतील, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात फर्मचं नाव घालतील. सकाळी भाऊ येऊन फ्लेक्स बघतील, मान डोलावतील आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणतील, ‘हे काढा, इथं आमच्या मेहुण्याचा फोटो राहून गेला.’