पुलात की पुलाखाली?

बासेल, स्वित्झर्लंड

तीर्थरूप आप्पा आणि तीर्थरूप सौ. आई यांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमच्या पत्रात आमच्या क्षेमाची चौकशी एका ओळीत आणि ऱ्हाईन नदीची पावणेदोन पानं, त्यामुळे उत्तरही त्याच मापानं देतो. जवळच स्वच्छ, निळा, काठावर जीवरक्षक बसवलेला तरणतलाव असताना शहाण्या माणसानं नदीत का उतरावं, हा तुमचा मुद्दा. सोसायट्यांच्या मराठीनं या वादात आधीच एक घोळ घालून ठेवला आहे. तिथे तलावालाही हल्ली पूलच म्हणतात. तेव्हा पुलात पोहायचं की पुलाखालून, एवढंच ठरवायचं आहे. आमचं मत पुलाखालच्या बाजूचं आहे, आणि ते निव्वळ हट्टातून आलेलं नाही.

आधी इथली रीत सांगतो, म्हणजे आई घाबरणार नाही (किंवा निदान योग्य गोष्टीला घाबरेल). उन्हाळ्यात कचेऱ्या सुटल्या की माणसं कपडे, चपला, किल्ल्या माशाच्या आकाराच्या एका रंगीत पिशवीत भरतात. तिला विकेलफिश म्हणतात. तिचं तोंड घड्या घालून बंद करायचं, पिशवी अंगाला अडकवायची आणि टिंगेली संग्रहालयाच्या आसपास उजव्या काठानं पाण्यात शिरायचं. पुढे पोहणं म्हणजे मुख्यतः वाहत जाणं. इथे नदीतून सेकंदाला सरासरी हजार घनमीटरच्या घरात पाणी जातं, त्याच्या उलट जायची भाषा कुणी करत नाही. जिथं उतरलो तिथं परत येता येत नाही, म्हणून कपडे बरोबर. डावीकडचा भाग मालवाहू जहाजांचा. मध्ये तारेला बांधलेल्या, इंजिनाशिवाय केवळ प्रवाहाच्या जोरावर आडव्या जाणाऱ्या होड्या. त्यांच्यापासून, पुलांच्या खांबांपासून आणि बोयांपासून लांब राहायचं आणि बंदराचा भाग येण्याआधी काठाला लागायचं, कारण तिथे मनाई आहे. बँकेतले साहेब संध्याकाळी ओल्या चड्डीवर, बगलेत मासा घेऊन शांतपणे फूटपाथवरून घरी जाताना दिसतात. कुणी वळून बघत नाही.

आता स्वच्छतेचं. तलावाजवळ गेल्यावर जो वास येतो त्याला आपण औषधाचा वास म्हणतो आणि निर्धास्त होतो. खरं तर तो निव्वळ क्लोरीनचा वास नसतो. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी भेटला की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकाला झोंबतात आणि डोळे लाल करतात ती हीच. म्हणजे वास जितका उग्र, तितकी आधीच्या मंडळींनी आंघोळ टाळलेली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली याचा हिशोबच मांडला. शीतपेयांतला एक कृत्रिम गोडवा शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तो तलावाच्या पाण्यात किती आहे हे मोजून त्यांनी अंदाज काढला, की सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात ७५ लिटर लघवी आहे. आपल्या हिशोबानं पंधरा लिटरच्या पाच बादल्या. एवढ्या पाण्यात हे प्रमाण नगण्य आहे आणि क्लोरीन बहुतेक जंतू मारतो, हे मान्य. पण निळ्या रंगाचा दरारा थोडा कमी व्हायला हरकत नाही. तो निळेपणा तरी सगळा कुठे पाण्याचा? थोडा फरशीचाही.

तुम्ही लगेच म्हणाल, मग नदीत काय गुलाबपाणी वाहतं? नाही वाहत. नदीत बदकं असतात आणि वरच्या अंगाला गावंही असतात. जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं. मोठा पाऊस झाला की नळ तुंबतो आणि जादा पाणी थेट नदीत सोडलं जातं. म्हणून जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदीत जाऊ नये, हे इथे पोरासोरांनाही माहीत असतं. आमचा मुद्दा नदी तलावापेक्षा निर्मळ असते असा नाहीच. मुद्दा हा, की तलाव स्वतःपुरता स्वच्छ राहतो. त्याला भिंत असते, गाळणी असते, तिकीट असतं. बाहेर गावाचं गटार कुठे चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. नदीत पोहायचं म्हटलं की मात्र सगळ्या गावाची मोरी तपासावी लागते.

आणि ती तपासली जाते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बासेलच्या वरच्या बाजूला श्वाइत्झरहाले इथे सांडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईनमध्ये उतरलं. पाणी लाल झालं आणि शेकडो किलोमीटर खालपर्यंत वाम मासे मरून पडले. लोक रस्त्यावर आले, आणि १९८७ साली काठावरच्या देशांनी मिळून नदीसाठी कृती कार्यक्रम आखला. पॅरिसचं उदाहरण तर आणखी मजेशीर. सेन नदीत पोहायला तिथे १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्तानं ती उठवायची ठरल्यावर पावसाचं जादा पाणी अडवायला जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधावी लागली. म्हणजे एका नदीत पोहता यावं म्हणून ऑलिंपिक मापाचे वीस तरणतलाव पुरले! तरी २०२४ मध्ये पावसानं पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलायला लावलीच. पण २०२५ च्या जुलैत सामान्य माणसं सेनमध्ये उतरली.

यावर आप्पांची वकिली शंका आम्हाला इथून ऐकू येते: नदी आधी शुद्ध झाली म्हणून लोक पोहू लागले, की लोक पोहत होते म्हणून शुद्ध झाली? उत्तर मधलं आहे. बासेलमध्ये नदीवर खांबांवर उभारलेली स्नानगृहं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत, आणि सामुदायिक पोहणं सुरू झालं १९८० साली, म्हणजे त्या आगीच्याही आधी. निव्वळ पोहणाऱ्यांनी नदी वाचवली असं आम्ही म्हणणार नाही. कायदे, पैसा आणि भीती यांचा वाटा मोठा. पण नाकातोंडात पाणी जाणारा नागरिक हा फुकटातला तपासनीस असतो, आणि निवडणुकीला मतही देतो.

बुडण्याचं मात्र थट्टेवारी न्यायचं नाही. स्वित्झर्लंडमध्ये बुडून मरणाऱ्यांत बहुसंख्य नद्या-तळ्यांतलेच असतात. माशाची पिशवी तरंगते, पण ती जीव वाचवायचं साधन नव्हे. म्हणून शिकणं तलावातच, लहान मुलं तलावातच, हिवाळ्यात तलावच, आणि दमसास वाढवायला पन्नास फेऱ्या मारायच्या असतील तरीही तलावच. एवढं आम्ही बिनशर्त सोडतो. तलाव ही शाळा आहे. शाळेत जन्म काढा असं तुम्हीसुद्धा आम्हाला कधी म्हणाला नाहीत.

राहता राहिली आपली कृष्णा. सांगलीच्या पट्ट्यात तिच्यात मगरी आहेत, तेव्हा आमचं हे सगळं वाचून घाटावर पाय टाकू नका. मगर तिथली मूळची रहिवासी, तिची तक्रार करता येत नाही. नाल्यांची करता येते. ती आप्पांनी पालिकेकडे करावी, अक्षर चांगलं आहे.

उन्हाळ्यात येताना दोन पंचे आणा. टोपी लागत नाही. मासा आम्ही इथे घेऊन ठेवतो. आईला निळा की लाल, ते कळवा. तिला पाण्यात उतरायचं नसेल तर काठानं चालत चपला घेऊन येण्याचं काम राखून ठेवलं आहे.

आपली,
बासेलकर मंडळी