सदऱ्यावरचा डाग, तोंडावरचा डाग

सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना तत्त्वे नसतात, हा शुद्ध अपप्रचार आहे. तत्त्वे असतात, फक्त ती गिऱ्हाईक पाहून काढलेली असतात. युनिलिव्हरचेच घ्या. मुलाच्या सदऱ्यावर चिखल उडाला तर डाग चांगले असतात, असे तिचे सर्फ एक्सेल सांगते. बाई आहे तशीच सुंदर आहे, असे २००४ पासून तिचा डव्ह सांगतो. आणि १९७५ साली आलेल्या तिच्याच फेअर अँड लव्हली या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला ना नोकरी मिळायची, ना नवरा. वेष्टनावर एकाच चेहऱ्याच्या दोन छटा आणि शेजारी रंग मोजायची पट्टी, म्हणजे प्रगतिपुस्तकाची सोय घरच्या घरी. ही पट्टी २०१९मध्ये गेली. पुढे २५ मे २०२० रोजी अमेरिकेत पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड मारला गेला, जगभर लोक वर्णद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि बरोबर महिन्याने कंपनीने ‘फेअर’ हा शब्द नावातून काढत असल्याचे जाहीर केले. पंचेचाळीस वर्षांत जे दिसले नाही ते महिन्याभरात दिसले. असा झटपट गुण कोणत्याही क्रीमने दिलेला नाही.

हे ढोंग नव्हे, चोख व्यवहार आहे. आरशात पाहून खूश झालेली बाई या धंद्याला परवडत नाही. म्हणून आधी उणीव विकायची, मग उपाय, आणि उपायाचा वीट आला की आत्मसन्मान. तिन्हींचा गल्ला एकच. दुसऱ्या दुकानातही हेच: चढ्या किमतीचे लँकोम आणि खिशाला परवडणारे मेबलिन या दोन्हींची मालकीण लॉरिआल ही एकच कंपनी. तुम्ही कोणावरही रुसा, पैसे घरातच राहतात.

यावर कोणी म्हणेल, नटणे माणसाच्या रक्तातच आहे, आजीसुद्धा उटणे लावायची. कबूल, पण उटणे न लावणाऱ्या मुलीची नोकरी जाते, असे आजी म्हणत नव्हती. दुसरे म्हणतील, बायका आपल्या मर्जीने घेतात. मर्जी इतकी स्वयंभू असेल, तर जाहिरातींवर एवढा पैसा का ओततात? तिसरे म्हणतील, नाव बदलले, निदान या सुधारणेचे तरी कौतुक करा. जरूर करू. सावळेपणा हा दोष नव्हता, हे कंपनीला पटलेच असेल, तर दोष नसताना केलेल्या उपचारांचे पंचेचाळीस वर्षांचे पैसे तिने परत करावेत. पावत्या नसल्या तरी हरकत नाही. चेहरा दाखवला की पुरे.