आधी मागचं दार

प्रीमियर पद्मिनी आपलीच, असं मुंबईकर मानतात. ३० ऑक्टोबर २०२३ला काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून तिला अधिकृत निरोप मिळाला तेव्हा त्यांनी फोटो काढले, लेख लिहिले, हळहळले. हळहळू द्या बापड्यांना. पण १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद जन्मले १८८२ साली, आमच्या सोलापुरात. कारखाना कुर्ल्याला गेला तो निव्वळ सोयीसाठी, असं आम्ही धरून चालतो. ते १९५३ साली वारले आणि फियाट ११००चं ‘पद्मिनी’ हे बारसं १९७४मध्ये झालं, म्हणजे त्यांनी तिचं तोंडही पाहिलं नाही. तरी नातं लावायचंच तर ती आमची नात लागते, आणि नातीचं वाकडं झालेलं दार सरळ करणं हे आजोळचं काम.

जुनी गाडी नवी करायला काढली की घरादाराला सुचतो तो रंग. मोतिया की आकाशी यावर आमच्याकडे जेवणं लांबली. पण रंग हा मोठा चुगलखोर. मळक्या, उन्हानं विटलेल्या पत्र्यावर कुणाला काही दिसत नाही. चकाकी आली की दाराची फट वर बोटभर आणि खाली कागदही जाऊ नये इतकी, हे रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही दिसतं. आणि तो सांगतोही.

अशा वेळी पहिला मोह होतो तो वाकडं दिसणाऱ्या दाराचे बोल्ट ढिले करण्याचा. अक्कलकोट रोडच्या आमच्या मिस्त्रींनी पाना काढूनच घेतला. मदतनीस पोराशी दख्खनीत, पेंटरशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत बोलणारा हा माणूस. वैतागतो मात्र तिन्ही भाषांत एकाच वजनानं. म्हणाले, “त्याला हात नका लावू सर. आधी मागचं दार.”

मागच्या दाराला काही झालेलं नव्हतं. पण त्याच्या मागचा पत्रा गाडीच्या अंगालाच जोडलेला, तो तसूभर हलत नाही. म्हणून त्याच्याशी मागचं दार जुळवायचं, मागच्या दाराशी पुढचं, पुढच्याशी मडगार्ड आणि शेवटी मडगार्डाशी बॉनेट. उलट्या बाजूनं निघालात तर भावकीतल्या बांधाची गत होते: इकडे वीतभर सरकवला की तिकडचा ओरडतो, त्याची समजूत काढावी तर तिसराच मोजणी मागतो. फट कुठे जात नाही, नुसती गाडीभर फिरते. जो हलूच शकत नाही त्याच्या तालावर बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं, ही व्यवस्था घराघरांत चालते. पत्र्यालाही ती लागू आहे हे मला नव्यानं कळलं.

मोजमापाला मिस्त्रींकडे जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्यांची जोडी आहे. ती वरपासून खालपर्यंत सारख्याच अंगानं सरकली की दार पास. बाजारात याची चांगली गेजं मिळतात, पण त्यांचा चहा येत नाही, असं ते म्हणतात.

मग तपासायचं बिजागरीला. दार अर्धवट उघडून टोकाकडून वर उचलायचं. ते खालीवर हललं तर आतली पिन झिजलेली आहे, आणि तोवर दार कितीही नेमकं बसवा, आठवड्यात पुन्हा लोंबतं. ड्रायव्हरच्या बाजूचं तर हमखास, कारण वर्षानुवर्षं त्याच दारावर कोपर टेकलेलं असतं. सोलापुरात यावर इलाज सोपा. यंत्रमागाचे सुटे भाग कातणाऱ्या लेथवाल्याकडे जुनी पिन न्यायची. तो ती न बोलता हातात फिरवतो आणि किंचित जाड नवी कातून देतो. चादरी विणणाऱ्या गावात मोटारीचा सांधा बसतो तो असा.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. त्यामुळे जॅकवर चढवून फटी जुळवल्या की गाडी खाली उतरताच त्या आपापल्या मतावर जातात. चारी चाकांवर, सपाट जमिनीवरच काम करायचं. दाराखालचा सडका पत्रा कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून घ्यायच्या. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि मग जगातलं कुठलंच दार तिला बसत नाही. जुन्या ‘डुक्कर’ फियाटचं तर विचारू नका. तिचं पुढचं दार उलटं उघडतं, म्हणजे पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला लटकतात. खांब जरा कलला की दोघंही रुसतात.

मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून गंजतो. आमच्या उन्हात रंग उडतो, पण पत्रा राहतो, एवढं सोलापूरच्या बाजूनं बोलायला मिळतं. जिथे तोही उरत नाही तिथे काही जण लांबी थापतात. खळगा बुजवायला पातळ हात ठीक. पण दाराची कडच लांबीची बांधायची म्हणजे दार आपटल्याबरोबर कड पायाशी.

तरीही एक शंका मला आवरत नाही. त्या काळी जगभर मोटारींची दारं कामगार डोळ्यानं बघून, ठोकून, वाकवून बसवत. एका पद्मिनीचं दार दुसरीला सरळ बसत नाही ते त्यामुळेच. यंत्रमानवांनी जोडलेल्या आजच्या गाड्या पाहून बिघडलेल्या नजरेनं आपण या म्हातारीकडे जो सरळपणा मागतो, तो तिच्याकडे कुर्ल्याहून निघतानाही नव्हता. हे मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, “मग आणताय कशाला? चालवा की तशीच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आगाऊ रक्कम मात्र देऊन झाली होती.

रंगाआधी सगळी गाडी एकदा कोऱ्या पत्र्यावर जुळवून पाहिली, रंगाच्या थरांसाठी फटीत जागा ठेवली, रंग झाला, सगळं पुन्हा जोडलं. नाणी झकास सरकली. मग दारांना नवं रबर लावलं आणि चारांपैकी एकही दार बंद होईना. रबर जाड, ताठ, दार बाहेर ढकलतंय. मी पुन्हा बोल्टांकडे पाहायला लागलो. मिस्त्रींनी खांद्यानं ढकलून चारी दारं लावली आणि गाडी छपराबाहेर काढली.

“मे महिना हाय सर. राहू द्या उन्हात आठ दिवस. रबर बसतंय आपोआप.”

सोलापूरच्या उन्हाचा कुणी काही उपयोग केलेला मी आजवर पाहिला तो पापड-कुरडयांसाठी. पाचव्या दिवशी मागची दोन्ही दारं बोटानं लागायला लागली. पुढच्यांना अजून खांदा लागतो. तोवर घरातल्या मंडळींनी मागं बसावं, असं ठरलं आहे.